चारोळीच्या गावाला

रमजान ईदच्या आदल्या रात्री आमच्या घरात चारोळी निवडायचं काम माझ्याकडे असतं. चांदरात म्हणजे घाईची रात्र. बदाम-पिस्ते भिजत पडलेले, खारीक चिरून ठेवलेली, आणि मी ताटात चारोळी पसरून तिच्यातले खडे आणि टरफलाचे तुकडे वेचत बसलेली. यंदा माझी धाकटी शेजारी येऊन बसली. ती सातवीत आहे. तिनं विचारलं, "अम्मी, खारीक बाहेरून येते, बदाम बाहेरून येतात, मग चारोळी कुठून येते?"

मी म्हटलं, "ती इथलीच. आपल्या डोंगरातली."

परतवाड्याला आमच्या गच्चीवरून मेळघाटचा डोंगर दिसतो. मुलीनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग तू तिचं झाड पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. चाळीस-बेचाळीस वर्षं डोंगराच्या पायथ्याशी काढली, वीस वर्षं वर्गात उर्दू आणि मराठी शिकवली, दर ईदला चारोळी निवडली. पण झाड पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्यासारखीनं ते पाहायलाच हवं होतं. कारण माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, चारोळीचाच व्यापार करायचे.

दादा बैलगाडीनं डोंगरात बाजार करायला जात. गाडीत मीठ असायचं. परतताना त्याच गाडीत चारोळी, मोहफुलं, डिंक आणि मध असायचा. दादी आम्हाला अभिमानानं सांगायची, "तुमच्या दादांनी आयुष्यात कधी माप मारलं नाही. पायली शिगोशीग भरून मीठ द्यायचे आणि पायली शिगोशीग भरून चारोळी घ्यायचे." लहानपणी मला यात चुकीचं काही वाटलं नाही. पायलीला पायली, हिशोब सरळ. चारोळीचा भाव आणि मिठाचा भाव शेजारी ठेवून पाहायचं वय आलं, तेव्हा दादाही नव्हते आणि दादीही.

अमरावतीला बीएड करताना माझ्या बाकावर एक कोरकू मुलगी बसायची. तिच्या गावातली ती पहिली बीएड. आता ती एका आश्रमशाळेत शिकवते. आमचा संपर्क टिकला, पण तिच्या गावी जायचं राहूनच गेलं. ईदच्या मुबारकबादीसाठी तिचा फोन आला, तेव्हा मुलीचा प्रश्न मी तिला सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "मे महिन्यात ये. चार पिकलेली असते तेव्हा. पोरीलाही घेऊन ये." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आमच्याकडे सभा पण आहे. गाव इथून उठवायचं की ठेवायचं, त्याची. तू येऊन बस. फक्त कुठं लिहिलंस तर गावाचं नाव लिहू नको. आमचं म्हणणं आधी आमच्या तोंडून गेलं पाहिजे."

म्हणून या लेखात गावाचं नाव नाही. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं, चाळीस-पन्नास घरांचं कोरकू गाव आहे, एवढं वाचकांना पुरेल.

परतवाड्याहून सकाळच्या धारणीच्या एसटीत आम्ही मायलेकी बसलो. घटांगपर्यंत सगळा चढ. तिथून चिखलदऱ्याला रस्ता फुटतो. त्या बाजूला गाविलगड आहे. बहमनी काळापासूनचा हा किल्ला पुढे आमच्या अचलपूरच्या इमादशाहीचं मोठं ठाणं झाला. आम्हाला शाळेत या किल्ल्याचा इतिहास होता, दरवाजे होते, १८०३ ची इंग्रजांशी लढाई होती. किल्ल्याच्या चहूबाजूंच्या रानात राहणाऱ्या माणसांवर मात्र एक ओळसुद्धा नव्हती.

मुलगी खिडकीशी बसली होती. तिच्या डोक्यात पुस्तकातलं हिरवंगार, घनदाट जंगल. बाहेर मात्र सागाची निष्पर्ण झाडं, करडी, उन्हात तापलेली, आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. ती हिरमुसून म्हणाली, "अम्मी, हे तर मेलेलं आहे." शेजारच्या सीटवरचे एक वृद्ध गृहस्थ हसले. म्हणाले, "मेलं नाही बेटा, झोपलं आहे. जूनमध्ये ये, ओळखणार नाहीस." उष्ण प्रदेशातली सगळी जंगलं बारमाही हिरवी नसतात. मेळघाटचं जंगल पानगळीचं आहे. उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवतं आणि पावसाळ्यात अंगभर कपडे घालतं. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या इथं निघतात आणि तापीला मिळतात. सिपना हा कोरकू शब्द. त्याचा अर्थच साग.

देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. त्याआधी इंग्रजांच्या काळात सागासाठी जंगल राखीव झालं होतं. झाडतोडीला आणि रस्त्याच्या कामाला माणसं हवीत, म्हणून सरकारनंच काही गावं जंगलात वसवली होती. त्यांना वनग्राम म्हणत. म्हणजे एका काळात सरकारला ही माणसं जंगलात हवी होती, आणि दुसऱ्या काळात तीच माणसं जंगलात नको झाली. माणसं मात्र तीच राहिली.

सेमाडोहला उतरलो. पुढे काळी-पिवळी जीप, मग तपासणी नाका, मग एका ठिकाणी जीपही थांबली. मैत्रीण तिथं भावाला घेऊन उभी होती. भावानं आमची पिशवी डोक्यावर घेतली. तासभर पायवाट. वाटेत एका झाडापाशी ती थांबली. मध्यम उंचीचं, खरबरीत काळपट सालीचं साधं झाड. फांद्यांवर करवंदासारखी काळसर फळं. "हेच ते," ती म्हणाली, "तुझ्या ईदचं झाड."

मुलीनं एक फळ तोंडात टाकलं. वरचा गर गोड, आत टणक बी. "आणि चारोळी?" "ती त्या बीच्या आत," मैत्रीण म्हणाली. "बी भिजवायची, चोळून गर काढायचा, उन्हात वाळवायची, मग फोडायची. एका बीत एकच दाणा." मुलीनं हातातली बी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मग आपण ताटभर वापरतो ती किती झाडांची असेल?" याचं उत्तर आम्हा दोघींकडेही नव्हतं.

गाव म्हणजे एक रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन ओळींत घरं. कोरकूंची गावं अशीच असतात. बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, त्यावर मातीचा लेप, वर कौलं. अंगणं इतकी स्वच्छ सारवलेली की चप्पल बाहेरच काढावीशी वाटते. घरांवर सौर दिवे आहेत. विजेची तार गावापर्यंत आलेली नाही. फोनला रेंज गावाबाहेरच्या टेकडीवर एका मोहाच्या झाडापाशी मिळते. माझ्या ईदच्या मुबारकबादीसाठी मैत्रीण त्या टेकडीवर चढली होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

दुपारी जोहरच्या नमाजची वेळ झाली. मी वुजूसाठी पाणी मागितलं. मैत्रिणीच्या आईनं, सगळे तिला माय म्हणतात, मातीच्या घागरीतून तांब्या भरून दिला. घरच्या सवयीनं मी तो निम्मा ओंजळीतून सांडला. माय काही बोलली नाही, दुसरा तांब्या भरून दिला. संध्याकाळी मैत्रिणीबरोबर पाण्याला गेले, तेव्हा पाहिलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेला झिरा. वाटीनं पाणी काढायचं, घागर भरेपर्यंत वाट पाहायची, मग चढ चढून यायचं. वाहत्या नदीवर बसलात तरी वुजूचं पाणी जपा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ मला त्या झिऱ्यावर समजला. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात. एका अक्षराचा शब्द, आणि सगळा दिवस त्याच्यामागे जातो.

रात्री जेवणात कुटकीचा भात, तुरीची डाळ आणि रानातल्या भाजीचं कोरड्यास होतं. मायनं मैत्रिणीकडून निरोप दिला, "बाईला सांग, कोंबडी कापली नाही. तुमचं वेगळं असतं ना, म्हणून." मला भरून आलं. ज्या घरात पाणी वाटीनं मोजतात, त्या घरात पाहुणीच्या हलालचाही विचार झाला होता.

जेवणानंतर अंगणात खाटा टाकल्या. माय एका सपाट दगडावर चारोळीची बी फोडत बसली. हलक्या हातानं मारायचं, टरफल फुटावं पण दाणा फुटू नये. मी प्रयत्न केला. दहापैकी सात दाण्यांचा भुगा झाला. सगळे हसले. त्या हसण्यात मला धीर आला आणि मी मायला दादांची गोष्ट सांगितली. मीठ, बैलगाडी, पायलीला पायली. मैत्रीण कोरकूत सांगत होती. मला वाटलं, माय रागावेल किंवा गप्प बसेल. ती तसंच फोडत राहिली. मग म्हणाली, "मीठ लागायचंच. मिठावाचून कसं चालेल? माझी सासू सांगायची, परतवाड्याचा मुसलमान यायचा, माप चांगलं भरायचा." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पण चारोळीचं तिकडं काय होतं, ते कधी कोणी सांगितलं नाही. तुमच्या गावात आज काय भाव आहे?"

मी सांगितला. किलोला हजाराच्या वर. मायचा हात थांबला. मग ती मुलीशी कोरकूत बरंच काही बोलली. मैत्रिणीनं त्याचा अनुवाद केला नाही, आणि मीही विचारलं नाही. मायला बीचे जे पैसे मिळतात, ते या भावाच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे मला आधीच कळलं होतं.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. दादांनी खरोखरच कधी माप मारलं नव्हतं. मापात कमी देणाऱ्यांना आपल्या दीनमध्ये फार कडक ताकीद आहे, आणि दादा तिला घाबरून असत. पण माप खरं असलं म्हणजे सौदा खरा असतोच असं नाही. समोरच्याला आपल्या वस्तूची किंमत माहीत नसेल आणि नाही म्हणायची त्याला सोय नसेल, तर शिगोशीग भरलेली पायलीसुद्धा कमीच.

सकाळी मैत्रिणीच्या अंगणात पंधरा-वीस लेकरं जमली. शाळेला सुट्टी, पण ती गावी असली की वर्ग भरतो. होळीला बहुतेक कुटुंबं परतलेली होती. दिवाळीनंतर निम्मं गाव कामासाठी खाली उतरतं. कोणी परतवाड्याच्या बाजूला, कोणी अमरावतीला, कोणी त्याहून लांब. लेकरंही जातात, शाळा बुडते. होळी हा कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण, त्यासाठी माणूस कुठूनही परत येतो.

वर्गात मैत्रिणीनं पाण्याचं चित्र दाखवलं. लेकरं ओरडली, "डा!" मग ती म्हणाली, "आणि शाळेत?" लेकरं म्हणाली, "पाणी!" वाघाच्या चित्राला "कुला!" आणि मग "वाघ!" मी मागे बसून ऐकत होते. कोरो म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. ही भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही. तिची नाती पूर्वेकडच्या संथाली आणि मुंडारीशी. हे लेकरू पहिलीत येतं तेव्हा त्याच्यासमोरचं पुस्तक त्याला परकं असतं. घरी कोरकू, बाजारात हिंदी, वर्गात मराठी.

मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या मोहल्ल्यातलं मूल घरी एक बोलतं, शाळेत किताबी उर्दू शिकतं आणि एसटीच्या खिडकीवर, दवाखान्यात, तहसीलमध्ये मराठी बोलताना अडखळतं. माझं निम्मं आयुष्य तो अडखळणारा शब्द सोडवण्यात गेलं आहे. पण आमच्याकडे निदान पुस्तकं आहेत, वर्तमानपत्रं आहेत, हे मासिक आहे. कोरकू लेकराला त्याच्या भाषेतलं छापलेलं पान क्वचितच दिसतं.

वर्ग सुटल्यावर एक तरुण आई तिचं बाळ घेऊन आली. बाळाच्या पोटावर जुने, बरे झालेले चटके. पोट फुगलं की तापलेल्या सळीनं चटके देण्याची इथं रीत आहे, तिला डंबा म्हणतात. भुमका, म्हणजे गावचा वैदू, तो देतो. माझ्या मुलीनं तोंड फिरवलं. मैत्रीण तिला म्हणाली, "राग येतो ना? मलाही येतो. पण रात्री बाळ रडून निळं पडलं, दवाखाना डोंगरापलीकडे आणि ओढ्याला पूर आला, तर आई कोणाकडे जाईल?" मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये साऱ्या देशाला कळले, कोर्टात गेले, योजना आल्या. काही डॉक्टरांनी इथं आयुष्य घातलं. बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी. तरी वाट जिथं संपते, तिथं दवाखानाही संपतो. आणि गाभ्यातल्या गावाची वाट पक्की करायची तर परवानगी लागते, ती वाघाच्या कायद्यात अडकते.

सभा दुपारी, मोहाच्या झाडाखाली. दोन अधिकारी आले होते, आणि जंगलातल्या चौकीचा वनरक्षक. मी आणि मुलगी लांब, एका ओट्यावर बसलो.

अधिकाऱ्यांनी योजना सांगितली. गाव मनानं बाहेर जायला तयार असेल, तर दोन पर्याय. कुटुंबामागे १५ लाख रुपये, किंवा सरकार जमीन आणि घर देऊन बाहेर वसवेल. पूर्वी ही रक्कम १० लाख होती. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरतात. त्यांचं बोलणं सरळ होतं, आवाज चढवला नाही, घाई केली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

सगळ्यांत आधी एक तरुण उभा राहिला. पुण्याकडे बांधकामावर काम करून आलेला. "मला जायचंय," तो म्हणाला. "माझी वहिनी बाळंतपणात अडली, तेव्हा खाटेवर टाकून नेली. अर्ध्या वाटेत बाळ गेलं. इथं तोडलं तर गुन्हा, वेचलं तर गुन्हा. गाभ्यात तेंदूपानसुद्धा तोडू देत नाहीत. मग जंगलात माझं आहे काय?" त्याच्या बाजूला बसलेली बरीच पोरं मान हलवत होती.

मग एक म्हातारे उठले. त्यांनी गावाबाहेर बोट दाखवलं. तिथं झाडाखाली कोरलेल्या लाकडी फळ्या उभ्या आहेत. गेलेल्या माणसासाठी कोरकू अशी फळी कोरून उभी करतात, तिला मुंडा म्हणतात. "मुंडे गाडीत घालता येतील का?" त्यांनी एवढंच विचारलं. मला आमचं कबरस्तान आठवलं. माझे दादा-दादी तिथं आहेत. कोणी १५ लाख देऊन म्हणालं असतं, की आता तिकडं फातिहा वाचायला यायचं तर नाक्यावर परवानगी काढा, तर मी काय उत्तर दिलं असतं?

बायका मागे बसल्या होत्या. त्यांतली एक बसल्याबसल्याच बोलली, "पैसा कोणाच्या नावावर येणार? माणसाच्या नावावर आला तर वर्षात संपेल. बाईच्या नावावर किती?" मोठी शांतता झाली. अधिकाऱ्यांनी उत्तर दिलं, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "खाली गेलेल्यांचं काय झालं, ते आधी सांगा."

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. बोरी, कोहा आणि कुंड ही गावं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाहेर गेली, नंतर वैराट, चुर्णी, केलपाणी, गुल्लरघाट अशी इतरही. काही कुटुंबांचं बरं झालं. रस्ता, वीज, कॉलेज जवळ आलं. काहींचा पैसा मोटरसायकली आणि लग्नांत गेला, जमीन मिळाली नाही किंवा मिळाली ती कसण्याजोगी नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये अकोटकडच्या पुनर्वसित गावांतले लोक रागानं परत आपल्या जुन्या जागी जंगलात जाऊन बसले. पोलिस आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांची झटापट झाली आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

वनरक्षकाला मी नंतर भेटले. तोही तरुण, सपाटीवरच्या गावचा, बायको-मुलांपासून लांब राहून रोज पायी गस्त घालणारा. म्हणाला, "मॅडम, जिथून गाव गेलं तिथं आता कुरणं झाली आहेत. चितळ, सांबर, रानगवे चरतात. त्यांच्यामागे वाघ येतो. ते पाहिलं की वाटतं, बरं झालं. आणि या पोरांकडे पाहिलं की वाटतं, यांचंही जंगलच होतं ना." त्याला मी काही शिकवू शकले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सभेत शेवटी मैत्रीण उठली. अधिकाऱ्यांनी दिलेला मराठी कागद तिच्या हातात होता. ती एकेक ओळ कोरकूत सांगू लागली. 'ऐच्छिक पुनर्वसन' या शब्दांपाशी ती अडली. मग तिनं बराच वेळ घेऊन एक लांब वाक्य सांगितलं. मी नंतर विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "मी सांगितलं, ऐच्छिक म्हणजे आपण नाही म्हटलं तरी कोणी रागावणार नाही, रस्ता अडवणार नाही, नर्सबाईचं येणं बंद होणार नाही. खरंच तसं आहे का, ते साहेबांना विचारा."

गावानं तेच विचारलं. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे गावाचे जमिनीवरचे आणि जंगलावरचे हक्क आधी नोंदवायचे असतात, आणि ग्रामसभेनं समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय व्याघ्र प्रकल्पातलंही गाव हलवता येत नाही. मैत्रिणीनं हे कायद्याचं पुस्तक दोन वर्षं उशाला घेऊन वाचलं आहे. ठराव असा झाला: आधी गावाचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे निकाली काढा. जाणाऱ्यांना कुठं, कोणती जमीन मिळणार ती दाखवा. बाईचं नाव कागदावर घाला. मग पुन्हा सभा. तोवर हो नाही, आणि नाहीही नाही. पुण्याहून आलेल्या तरुणानंही सही केली. अंगठे आणि सह्या मिळून दोन पानं भरली.

संध्याकाळी टेकडीवर मी तिला पायविहीरबद्दल विचारलं. ते आमच्याच अचलपूर तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं कोरकू गाव. २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर त्यांनी झाडं लावली, राखली, सीताफळं विकली, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळवला. "तसं इथं नाही का होणार?" ती म्हणाली, "ते डोंगराच्या खाली आहेत. आम्ही वाघाच्या घरात आहोत. त्यांच्यासारखं सगळं जमणार नाही. पण एक कळलं. चारीचं झाड बघ. माझ्या लहानपणी फळ पिकेपर्यंत कोणी हात लावत नव्हतं. आता कच्चीच ओरबाडतात, फांदी तोडून नेतात. का? आज मी नाही नेली तर उद्या दुसरा नेईल. झाड कोणाचंच नाही. ज्याचं असतं, तो राखतो."

मग तिनं मला विचारलं, "तू असतीस तर काय केलं असतंस? गेली असतीस?"

मी मुलीकडे पाहिलं. ती खाली लेकरांबरोबर बिया फोडत होती. माझी मुलगी इथं राहिली असती, तर मी कदाचित गेले असते, असं मी म्हटलं. "पण मला आधी भाव कळला पाहिजे, आणि नाही म्हणता आलं पाहिजे." ती म्हणाली, "बस, एवढंच तर मागतोय."

निघायच्या सकाळी मायनं पळसाच्या पानांत बांधलेला चारोळीचा पुडा पुढे केला. मी भेट समजून शुक्रिया म्हणू लागले, तेवढ्यात तिनं हात वर केला आणि स्वतःच्या हिंदीत म्हणाली, "बाई, आधा किलो है. भाव से लेना. तुम्हारे गाँव के भाव से." मैत्रीण ओशाळली, "माय, पाहुणी आहे ती." माय हसत होती, पण हात वरच होता.

मी पैसे मोजले. मायनंही ते दोनदा मोजले, पदराला गाठ मारली, आणि मग माझ्या मुलीच्या ओंजळीत पिकलेली चार भरभरून घातली. ती मात्र फुकट.

बकरी ईदला शीरखुर्म्यासाठी मी तो पुडा सोडला. चारोळीत एकही खडा नव्हता, एकही टरफल नव्हतं. मुलीनं मैत्रिणीला फोन लावला. रेंज नव्हती. रात्री तिचाच फोन आला, टेकडीवरून. गावात पाऊस झाला होता, साग फुटला होता. दावे भरून दिले आहेत, पोच मिळाली आहे. सभेची पुढची तारीख अजून ठरलेली नाही.